सायकलवाल्या कोल्ह्यांची गोधडी

आमच्या मोठ्या जाऊबाई एका वेळी साठ पायजमे कापायच्या. एकसष्टावाही कापला असता, पण यंत्राचं पातं तेवढं उंच नव्हतं. इस्पितळांचे कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात त्या एकतीस वर्षं कटिंगच्या टेबलाशी उभ्या होत्या. रोग्यांचे अंगरखे, पायजमे, डॉक्टरांच्या टोप्या, उशांचे अभ्रे. सगळं हिरवं, नाहीतर पांढरं, आणि फारच चैन करायची झाली तर एक निळी रेघ. तिथं त्यांना लहानथोर सगळे मास्तर म्हणत. बाईला मास्तर कसं म्हणतात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "जागा मास्तरची आहे. तिथं कोण उभं राहतं, त्याच्याशी जागेला काय करायचंय?"

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा बाकीच्यांनी माझा चेहरा पाहिला, जाऊबाईंनी खांदे पाहिले. "साडेतेरा," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. तो आकडा कसला, हे विचारायचं धाडस मला सहा महिने झालं नाही. पडदा अर्ध्या बोटानं तिरका लागला असेल तर त्यांना घास गोड लागत नाही. तोंडानं त्या काही बोलत नाहीत, नुसतं पडद्याकडे बघत जेवतात, आणि मग आपल्यालाच उठून तो सारखा करावा लागतो. मला त्यांचा धाक होता. एरवी माझ्या जिभेला हाड नाही, हे घरात कोणीही सांगेल, पण जाऊबाईंना मी अडतीस वर्षांत एकदाही "तुमचं चुकलं" म्हटलेलं नव्हतं.

आणि एवढं असून त्यांच्या हातचा पुरा असा एकही कपडा जगात नाही. बाही कापायच्या त्या, जोडायची दुसरी, काजं करायची तिसरी, आणि घालून झोपायचा कोण, कुठल्या गावाला, ते देवालाच ठाऊक. थोरले दीर गेल्यापासून त्या वरच्या खोलीत एकट्या राहतात, आम्ही खाली. त्यांना मूलबाळ नाही. माझ्या मुलाला मी जन्म दिला, त्यांनी वाढवलं, असं म्हटलं तरी चालेल. तो त्यांना मोठी आई म्हणतो आणि माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकतो. याचा मला राग येतो, तो मी लपवतही नाही.

तर या मुलानं, आम्ही आशा सोडून दिली होती तेव्हा, पस्तिशी ओलांडल्यावर लग्न ठरवलं. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला, हसतमुख, बोलायला मोकळी. पहिलं लग्न मोडलेलं, आणि तिला एक सात वर्षांची लेक. दोघी आमच्याकडेच राहायला येणार होत्या. मला आनंदच झाला. घरात लहान पोर येणार म्हणून मी बिस्किटांचे चार डबे भरून ठेवले.

ती पोर लग्नाआधी तीनदा घरी आली. इतकी गुणी मुलगी मी जन्मात पाहिली नाही, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. आल्याबरोबर बूट काढून भिंतीला टोकं लावून ठेवायची. खुर्चीच्या अगदी कडेला बसायची. बिस्किट पुढं केलं की "एक चालेल, थँक्यू," आणि मग पडलेला चुरा तळहातात गोळा करून "हे कुठं टाकू?" आमच्या ह्यांनी नाण्याची जादू करून दाखवली. कानामागून नाणं निघालं तेव्हा ती म्हणाली, "छान होतं, आजोबा. तुम्ही दमला असाल." तिसऱ्या खेपेला तर दारात बोट चेमटलं, तेव्हा ती दाराला सॉरी म्हणाली. बोट लालबुंद झालं होतं, डोळे भरले होते, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही.

त्या दिवशी सगळे गेल्यावर जाऊबाई जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या. मी विचारलं, तशा म्हणाल्या, "मी लहानपणी मामाकडे नऊ वर्षं राहिले, तुला माहीत आहे ना? मामा-मामी देवमाणसं होती. पण नऊ वर्षांत मी एकदाही 'मला हे आवडत नाही' असं म्हटलं नाही. फार दमायला होतं गं. ही पोर इथं तशी राहायला नको. बाकी मला काही नको."

त्याच संध्याकाळी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या मायलेकींना सोडायला गेल्या तेव्हा बस थांब्याजवळच्या पडद्यांच्या दुकानाशी पोर थांबली होती. काचेत पिवळं कापड टांगलेलं होतं आणि त्यावर सायकली चालवणारे कोल्हे छापलेले. एकेक कोल्हा वीतभर उंच, गळ्यात मफलर, शेपूट मागं उडतेय. पोरीनं काचेला बोट लावलं होतं. "हवंय का?" असं जाऊबाईंनी विचारल्यावर बोट मागं घेऊन "नको, मी फक्त बघत होते" म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी जाऊबाई तिथं हजर. सव्वादोन मीटर उरलं होतं, तेवढं सगळं घेऊन आल्या. हा छाप आता येत नाही, हा शेवटचाच तुकडा, असं दुकानदारानं सांगितलं होतं.

बेत असा होता. कोल्ह्यांचे चोवीस चौकोन कापायचे, चार-चारच्या सहा ओळी. चौकोनांच्या मध्ये हिरव्या आणि पांढऱ्या पट्ट्या जोडायच्या. कारखान्यातून निवृत्त होताना त्यांनी कात्रणांचं एक भलंमोठं गाठोडं आणलं होतं, ते एकदाचं कारणी लागणार होतं. मध्ये जुनं ब्लँकेट, खाली चादरीचं अस्तर. पोरीच्या पलंगावर, ती राहायला यायच्या आत, तिची स्वतःची गोधडी. हातात बारा दिवस. "एक गोधडी!" जाऊबाई म्हणाल्या. "मी साठ करायला घाबरत नाही, एकीला काय घाबरायचंय?"

थर घालायला मला वर बोलावलं. जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढून त्यांनी त्यावर कापड पसरलं. इकडून तिकडं, तिकडून इकडं असे सहा थर. एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. कडा इतक्या जुळल्या की सहा थर आहेत हे कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. मग खडूनं वरच्या थरावर चार चौकोन आखले, प्रत्येकाच्या बरोबर मधोमध एक कोल्हा, टाचण्या मारल्या आणि ती मोठी कात्री उचलली.

आता कबूल करायला हवं. मला दिसलं होतं. माझ्या बाजूच्या कडेला वरच्या कोल्ह्याचं चाक होतं आणि त्याच्याच खाली, दुसऱ्या थरात, एक नाक बाहेर आलेलं होतं. तिसऱ्या थरात नुसतीच शेपूट. मी तोंड उघडलं आणि मिटलं. एकतीस वर्षं कापलेल्या बाईला मी काय सांगणार? असेल काहीतरी युक्ती, आपल्याला काय कळतंय. कात्री चालू झाली. आवाज असा एकसारखा की ऐकत राहावं.

कापून झाल्यावर त्यांनी थर एकेक करून उचलले. वरचे चार कोल्हे दृष्ट लागावी असे. त्यांच्या खालच्या चौकोनांत वर चाकं आणि खाली कान. त्याखालच्यांत मफलरपासून सुरुवात. एका थरात तर चारही कोल्हे बरोबर गळ्यापाशी कापलेले. चोवीसांतले वीस गेले. जाऊबाईंनी सगळे चौकोन पुन्हा एकावर एक रचले, कडा जुळवल्या, कात्री खणात ठेवली आणि खण लावला.

चूक साधी होती, पण ती त्यांच्याचकडून व्हायची होती. घरात फ्रॉक शिवणारी कोणीही बाई एकेक कोल्हा बघून कापते. जाऊबाईंनी जन्मभर साधं हिरवं कापड कापलं. त्याला डोकं नसतं, पाय नसतात, वरचा थर बरोबर तर खालचे सगळे बरोबर. "हात गेला माझा," एवढंच म्हणाल्या. दोन दिवस खाली जेवायला आल्या नाहीत. पोट बरं नाही म्हणाल्या. मी सूप घेऊन गेले तर दार अर्धंच उघडून वाटी आत घेतली आणि "थँक्यू" म्हणाल्या. जाऊबाई, मला, थँक्यू!

तिसऱ्या दिवशी मी सरळ आत जाऊन बसले. "जाऊबाई, मला दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"थर घालताना. चाकाखाली नाक आलं होतं. माझ्या बाजूनं स्पष्ट दिसत होतं."

"आणि?"

"आणि काही नाही. मला वाटलं, तुम्ही मास्तर आहात, तुम्हाला ठाऊक असेल."

त्या उठून उभ्या राहिल्या. "अगं, कारखान्यात थर घालणारी अठरा वर्षांची पोर माझ्या तोंडावर ओरडायची, मास्तर थांबा, सरकलंय! तिचं कामच ते. आणि तू अडतीस वर्षं एका घरात राहून मूग गिळून बसलीस?"

"तुमचा धाक वाटतो मला."

"माझा? मी तुला कधी एका शब्दानं तरी दुखावलं?"

"नाही ना! म्हणून तर वाटतो. तुम्ही बोलत नाही, नुसतं पडद्याकडे बघता!"

जाऊबाई परत खुर्चीवर टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे या घरात एक पाहुणी आधीपासूनच आहे म्हणायची."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला, आणि मग आम्ही कडाकडा भांडलो. अडतीस वर्षांचं साचलेलं होतं. पडदे निघाले, माझ्या मुलाला त्यांनी मला न विचारता कापलेले केस निघाले, त्यांच्या खोलीत मी परस्पर लावलेला गुलाबी रंग निघाला. तो रंग त्यांना पहिल्या दिवसापासून आवडत नव्हता, आणि भिंतीकडे पाठ करून झोपत होत्या म्हणे! खालून हे दोनदा वर येऊन, दारातूनच परत गेले. शेवटी दोघींचा घसा बसला. जाऊबाईंनी टाचण्यांचा डबा उघडला आणि म्हणाल्या, "चल, चौकोन मांड जमिनीवर. आणि या वेळी तोंड बंद ठेवलंस तर बघ."

मांडता मांडता युक्ती सुचली, कोणाला सुचली यावरून अजून वाद आहे. ज्या चौकोनात खाली डोकं आहे, तो वर ठेवायचा. ज्यात वर धड आहे, तो त्याच्या खाली. मध्ये हिरवी पट्टी. मग असं वाटतं की कोल्हा हिरव्या भिंतीआडून डोकावतोय आणि सायकल भिंतीच्या अलीकडे उभी आहे. काही जुळले, काही ओढूनताणून जुळवले. एकाला दुसऱ्याचीच शेपूट आली. हे वर आले, चष्मा सरसावून म्हणाले, "मोठा अपघात दिसतोय. पोलीस आले का?" दोघींनी एकदमच त्यांना खाली पाठवलं.

शिवायला माझं मशीन वर नेलं. इथं मला खरी मजा आली. कापताना केसभर न हलणारा त्यांचा हात, पण मशीनवर बसल्या आणि पहिलीच टीप पट्टी सोडून टेबलाच्या दिशेनं निघाली. मी खुर्चीवर ताठ बसून मोठ्यानं म्हटलं, "चुकलं!" काय बरं वाटलं म्हणून सांगू. "उसवा!" त्यांनी उसवली. पुन्हा वाकडी. पुन्हा "उसवा!" चौथ्या खेपेला त्या म्हणाल्या, "तुला फारच गोडी लागलेली दिसतेय." पण टीप सरळ आली. पट्टीला चौकोन, चौकोनाला पट्टी, अशी एकेक ओळ तयार झाली की इस्त्री मी करायची आणि ओळ ओळीला त्या जोडायच्या. कडेचा पांढरा गोट आम्ही दोघींनी हातानं घातला, दोन टोकांकडून सुरुवात करून. शुक्रवारी दुपारी मध्यावर भेटलो. टाके दोघींचे वेगळे ओळखू येतात. माझे बारीक, त्यांचे दांडगे.

शनिवारी सूनबाई आणि ती पोर सामान घेऊन आल्या. पोर आपल्या खोलीच्या दारात थांबली. पलंगावर गोधडी पसरलेली होती. जाऊबाई कपाटाशी उभ्या, मी त्यांच्या मागं. पोरीनं कोल्हे पाहिले, क्षणभर तिचे ओठ हलले, आणि मग ती म्हणाली, "खूप छान आहे. थँक्यू. तुम्ही खूप मेहनत घेतलीत."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ती पुन्हा पुन्हा आभार मानत होती. जाऊबाई हसल्या, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वर निघून गेल्या. जिना चढताना त्यांनी कठड्याला धरलं होतं. एरवी त्या धरत नाहीत.

रविवारी सकाळी गोधडी खुर्चीवर घडी करून ठेवलेली. पोर आपली जुनी शाल घेऊन झोपली होती. "मळायला नको म्हणून," ती म्हणाली. सोमवारी तेच. मंगळवारी तेच. मी रोज वर जाऊन खबर द्यायची आणि जाऊबाई म्हणायच्या, "घडी सरळ घालते का?" मी म्हणायची, "अगदी कडेला कड." त्या मान डोलवायच्या. बुधवारी त्यांनी विचारलंच नाही. कपातला चहा तसाच ठेवून म्हणाल्या, "जाऊ दे. वस्तूनं काय होतंय? मीच खुळी." मला त्यांची अशी कीव आली की मी उगाच खिडकी पुसायला घेतली.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघी वर चहा घेत होतो. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. मला वाटलं, मुलगाच. दार ढकललं गेलं आणि पोर आत आली. केस पिंजारलेले, एका पायात मोजा. गोधडी खांद्यावरून मागं सगळ्या जिन्यावरून फरफटत आणलेली, धुळीनं भरलेली.

"हे बघ!" ती सरळ जाऊबाईंना म्हणाली. "मी रोज पांघरुणात घेऊन बसते आणि सगळ्यांची डोकी शोधते. याचं इथं आहे. याचं त्या तिथं आहे. या दोघांची शेपटी बदललीये, ते चालेल. पण याला डोकंच नाहीये! मी सगळीकडे बघितलं. कुठंच नाहीये!"

घडी रोज सकाळी घातली जात होती, हे खरं. रोज रात्री ती उलगडली जात होती, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. जाऊबाईंनी चष्मा लावला. कोपऱ्यातल्या त्या कोल्ह्याकडे नीट पाहिलं. मफलर होता, मफलरच्या वर सरळ हिरवी पट्टी.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"मग असा कसा ठेवलास तू? त्याला रस्ता कसा दिसणार? नीट कर ना!"

"शाळेतून आलीस की बसू."

"नाही. आत्ता."

जाऊबाईंनी कात्रणांचा डबा उघडला. थर कापताना उरलेल्या पट्ट्यांत दोन-तीन डोकी निघाली. पोर गुडघ्यांवर बसून निवडायला लागली. हे नको, याला एकच कान आहे. हे नको, हा रागावलाय. हे चालेल. इतक्यात खालून सूनबाईची हाक आली, "अगं, कुठं आहेस? बस येईल!"

पोर जिन्याच्या तोंडाशी धावली आणि सगळं घर हादरेल अशी ओरडली, "थांब गं! मोठी आजी एक डोकं विसरलीये!"

इतके दिवस आम्ही हिचा मोठा आवाज म्हणून ऐकला नव्हता. कात्रीनं डोकं कापायचं काम जाऊबाईंनी केलं, आणि ते तसूभरही चुकलं नाही. मग ठिगळ लावायला त्यांनी सुई घेतली आणि दोरा ओवायला लागल्या. दोरा नेढ्याच्या डावीकडून गेला, उजवीकडून गेला. त्यांनी चष्मा पुसला, डोळे पुसले, आणि सुई माझ्याकडे दिली. मी धरली, पण माझ्याही डोळ्यांपुढं नुसतं पाणी, नेढं कुठंच दिसेना.

"दोघींना पण येत नाही?" पोर म्हणाली. तिनं माझ्या हातातून सुई काढून घेतली, दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं आणि एका दमात ओवून दिलं.